ख्रिस्ती एक्स्ट्रीम मेटल: खरखरीत रेकॉर्डिंग की घासूनपुसून केलेलं?

शुभ्रकृष्ण

मागच्या धाग्याचा विषय अनब्लॅकचे (म्हणजे ख्रिस्ती ब्लॅक मेटलचे) शब्द हा होता, पण गाडी शेवटी रेकॉर्डिंगवरच घसरली. एका बाजूला 'आवाज स्वच्छ झाला की बँड बाटला' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'ड्रम ऐकूच येत नाहीत त्याला कसलं संगीत म्हणायचं' वाले. तिथल्या मूळ धागाकर्त्याची माफी मागून हा वेगळा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. ज्या गाण्याला वातावरण उभं करायचंय त्याला खरखर शोभते. ज्याला रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) पोचवायचाय त्याचा ती जीव घेते. ख्रिस्ती बँडांची गोची अशी की त्यांनी हा निर्णय बऱ्याचदा गाण्याकडे बघून घेतलाच नाही. कधी तो सैतानवाल्यांकडे बघून घेतला, कधी चर्चमधल्या मंडळींकडे बघून.

उदाहरण म्हणून एकच माणूस घेऊ. १९९४ साली न्यूक्लिअर ब्लास्ट या मेटल कंपनीने होर्ड या बँडचा 'हेलिग उस्वार्ट' हा अल्बम काढला. सगळी वाद्यं आणि आवाज एकाच माणसाचे, नाव 'अनॉनिमस'. मेहेम या नॉर्वेजियन ब्लॅक मेटल बँडचा गिटारवादक युरोनिमस, त्याच्या नावावर केलेली ही कोटी तेव्हाच्या ब्लॅक मेटलवाल्यांना न समजण्यासारखी नव्हती. हा कोण ते सांगा म्हणून कंपनीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पुढे उघड झालं की हा मेलबर्नचा जेसन शेरलॉक, मॉर्टिफिकेशन या ख्रिस्ती डेथ मेटल बँडचा आधीचा ड्रमर.

आता त्याच्याच तीन रेकॉर्ड ओळीने ऐका. मॉर्टिफिकेशनचा 'स्क्रोल्स ऑफ द मेगिलॉथ', १९९२: जड, खालून दाबत येणारा आवाज, स्टीव्ह रोचा बास पुढे. पॅरामेशियमचा 'एक्झ्यूम्ड ऑफ द अर्थ', १९९३: संथ डूम-डेथ, पहिलंच गाणं पंधरा मिनिटांच्या वर, मध्ये बासरी आणि सोप्रानो, प्रत्येक ठोका पूर्ण विरेपर्यंत पुढचा येत नाही. आणि मग 'हेलिग उस्वार्ट': बास जवळपास गायब, गिटार पातळ आणि करकरीत, वरच्या पट्टीत सगळी झिम्माड. हात तेच आणि मधला काळ जेमतेम दोन वर्षांचा. ज्याला भरीव आवाज काढता येतो हे आधीच सिद्ध झालंय, तो माणूस मुद्दाम पातळ आवाज काढतोय.

का काढतोय? माझा अंदाज असा की तो आवाज वेषांतराचा भाग होता. अल्बम सुरू होतो चर्चच्या घंटेने आणि गोठलेल्या नॉर्डिक वाऱ्याने, पहिल्या तुकड्याच्या नावातच तसं लिहिलंय. ऑस्ट्रेलियात बसून! 'स्क्रोल्स'सारखा आवाज ठेवला असता तर जाणकारांनी पहिल्याच ड्रम रोलला माणूस ओळखला असता आणि 'अनॉनिमस'चा खेळ तिथेच संपला असता. म्हणून ही खरखर मला पटते. तिला नेमून दिलेलं काम आहे.

उलट टोकाला एक्स्टॉलचा 'अनडिसीव्ड', २०००. मिनिटाला तीनदा ताल बदलणारे रिफ, गुरगुरण्याच्या शेजारी स्वच्छ गायकी. हे फोर-ट्रॅकवर (चार ट्रॅकच्या घरगुती कॅसेट रेकॉर्डरवर) रेकॉर्ड केलं असतं तर नुसता गाळ हाती आला असता.

मग प्रश्न उरतो नॉर्वेच्या अँटेस्टरसारख्यांचा, जे खरखरीत आणि स्वच्छ दोन्हीकडे जाऊन आले. लोकहो, बोला.

---

नास्तिकनाना

पहिला! धागा वाचनखुणांत टाकलाय, सविस्तर नंतर. तोवर एक काडी: शब्द ऐकू येत नाहीत हा खरखरीत अनब्लॅकचा सर्वात मोठा गुण आहे. त्यामुळेच आमच्यासारखे पाखंडी निवांत ऐकू शकतात.

---

टेपवेडा

शुभ्रकृष्णराव, धागा मस्त. पण तुम्ही रेकॉर्डिंगबद्दल बोलताय आणि अर्ध्या लोकांच्या डोक्यात जी खरखर आहे ती रेकॉर्डिंगची नाहीच, ती कॉपीची आहे.

अँटेस्टरचा 'मार्टिरियम' घ्या. रेकॉर्ड झाला १९९४ मध्ये, अधिकृतपणे बाहेर आला २००० मध्ये. मधली वर्षं तो फिरला तो कॅसेटवरून कॅसेटवर. प्रत्येक कॉपीमागे वरच्या पट्टीतली धार जाते, हिस्स (टेपची सुसकार) वाढतो, आणि दोन डेकचे हेड एका कोनात नसले तर झांजा चादरीखाली गेल्यासारख्या वाटतात. तिसऱ्या-चौथ्या पिढीची कॅसेट ऐकून ज्याने 'काय भयाण आवाज आहे' म्हणून कान टवकारले, त्याला सीडी आल्यावर वाटलं की बँडने काहीतरी साफ केलं. बँडने काय साफ करायचंय! कॅसेटने जे घाण केलं होतं ते नव्हतं, एवढंच.

दुसरी गोष्ट फोर-ट्रॅकची. ज्यांनी ते यंत्र हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार ट्रॅक म्हणजे चार वाद्यं एवढा सरळ हिशोब नसतो. ड्रमला दोन माइक लावले की दोन ट्रॅक गेले, तिसऱ्यावर एक गिटार. आता दुसरी गिटार, बास आणि गायकाचा आवाज कुठे घालणार? मग पहिले तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून मोकळे करायचे. याला बाउन्स म्हणतात. एकदा उतरवलं की ड्रमचा आवाज गिटारपेक्षा किती असावा हे कायमचं ठरलं, परत हात लावता येत नाही. त्यामुळे जुन्या डेमोंमध्ये स्नेअर (ड्रममधला कडक वाजणारा ढोल) कुठेतरी मागे बुडालेला असतो, त्यामागे कसली विचारधारा वगैरे नसते. गायन रेकॉर्ड करताना लक्षात येतं की स्नेअर बुडाला, पण तोवर मूळ ट्रॅक पुसलेले असतात.

माझ्या यंत्रावर डीबीएक्स ही हिस्स कमी करायची सोय होती. रेकॉर्ड करताना ते आवाज दाबून टेपवर उतरवतं आणि वाजवताना परत उलगडतं, म्हणजे हिस्स कमी होतो. वाजवताना ते बंद ठेवलं तर दाबलेलाच आवाज बाहेर येतो: चरचरीत, पुढे आलेला, झांजांची शेपूट लांबलेली. आम्ही चार मित्र ते ऐकून 'हाच तो नॉर्वेचा आवाज' म्हणत नाचलो होतो. बटण बंद होतं, बाकी काही नाही.

---

मोजूनमापून

टेपवेडा, बाउन्सचा मुद्दा शंभर नंबरी. मी थोडं आकड्यांत सांगतो, कारण 'पातळ आवाज म्हणजे अडाणी मिक्सिंग' हा समज मोडायला हवा.

ताल २२० बीपीएम, म्हणजे मिनिटाला २२० मात्रा धरा. डबल बास, म्हणजे दोन पायांनी वाजवायचा किक ड्रम, एका मात्रेत चार ठोके या हिशोबाने सलग चालू आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर निघतं साधारण ६८ मिलिसेकंद. आता कुणी म्हणालं की मला किकचा छान घुमणारा धम्म हवा, आणि तो धम्म २०० मिलिसेकंद टिकतो, तर पहिला ठोका विरायच्या आत त्याच्यावर आणखी दोन ठोके येऊन पडलेले असतात. ऐकणाऱ्याला ठोके वेगळे येत नाहीत, खाली एक सलग घुरघुर राहते. त्यात दोन सेकंदांचा रिव्हर्ब (घुमारा) टाकलात तर एका वेळी जवळपास तीस ठोक्यांच्या सावल्या हवेत असतात.

यातून सुटायचे मार्ग दोन. एक, किकचा खालचा भाग आखडायचा, वरची टिकटिक वाढवायची, गरज पडली तर ट्रिगर (ठोका पकडून त्याजागी साठवलेला आवाज वाजवणारं यंत्र) लावून प्रत्येक ठोका एकसारखा करायचा. हा गुळगुळीत रेकॉर्डवाल्यांचा मार्ग. दुसरा, खालची पट्टी सरळ छाटून टाकायची, ड्रमला मागे ढकलायचं आणि ट्रेमोलो (एकच सूर भराभर छेडणाऱ्या) गिटारलाच पुढे येऊ द्यायचं. हा ब्लॅक मेटलवाल्यांचा. अडचण एकच आहे आणि दोन्ही उत्तरं विचार करून काढलेली आहेत.

म्हणून 'हेलिग उस्वार्ट'मध्ये बास नसण्याबद्दल तुम्ही वेषांतराचं कारण दिलंत ते ठीक आहे, पण त्या वेगाला तो बास परवडलाही नसता.

---

शुभ्रकृष्ण

मोजूनमापून, हे कारण माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण मग मेहेमचा 'दे मिस्टेरिस' किंवा एम्पररचा पहिला अल्बम? दोन्ही बर्गनच्या ग्रीगहॉलेन सभागृहात निर्माता पिट्टेनच्या हातून झाले, दोन्ही प्रचंड मोठे वाटतात, आणि वेग काही कमी नाही.

---

मोजूनमापून

बरोबर, आणि तिथे पिट्टेनने खोलीचा आवाज वापरलाय. मोठी जागा, ठोक्यामागे येणारा हवेचा थर. ठोका स्पष्ट आणि जागा मोठी, हे दोन्ही साधायला जागाही लागते आणि माणूसही लागतो. अनब्लॅकच्या बहुतेक बँडांकडे दोन्ही नव्हतं. नसलेल्या गोष्टीचं तत्त्वज्ञान करू नये, इतकंच माझं म्हणणं.

---

स्तोत्रप्रिया

मी या धाग्यावरची बहुधा एकुलती एक श्रद्धावान, त्यामुळे घरातून कसं दिसतं ते सांगते.

चर्चमध्ये या संगीतावर दोन प्रकारे टीका होते. पहिली नेहमीची, हे सैतानी आहे वगैरे, ती सोडा. दुसरी जास्त बोचते: देवाला अर्पण करायचंय ना, मग असं ओबडधोबड का? कलस्सैकरांस पत्र ३:२३ पुढे केलं जातं, की जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवापाड करा. यातून अर्थ काढला जातो की रेकॉर्डिंग महागडं असलं पाहिजे. मला हा तर्क कधी पटला नाही. जिवापाड करणं आणि चकचकीत करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मंदिरासाठी सोनं आणणारेही शास्त्रात आहेत आणि दोन दमड्या टाकणारी विधवाही.

गंमत म्हणजे ३३ व्या स्तोत्रात तिसऱ्याच ओवीत दोन्ही गट आपापलं प्रमाणपत्र शोधू शकतात. कुशलतेने वाजवा असंही तिथे म्हटलंय आणि मोठ्याने गर्जून गा असंही. एक्स्टॉलवाल्यांनी पहिला अर्धा घ्यावा, होर्डवाल्यांनी दुसरा. आणि खरखरीतवाल्यांना आणखी आधार हवा असेल तर करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं ४:७ आहेच, ठेवा मातीच्या भांड्यांत असल्याबद्दलचं.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. नानांनी गमतीत म्हटलं की शब्द ऐकू येत नाहीत हा गुण. आम्हाला ती अडचण खरीखुरी आहे. इतर ब्लॅक मेटल बँडचा शब्द कळला नाही तर बिघडत काही नाही, संगीत आणि मुखपृष्ठ मिळून काय ते सांगून जातात. अनब्लॅकमध्ये संगीत तेच, चेहऱ्यावरचा रंग बऱ्याचदा तोच, लोगो तसाच काटेरी. फरक फक्त शब्दांत. तो ऐकू येत नसेल तर फरक राहतो कुठे?

सीडीच्या काळात याचं उत्तर होतं पुस्तिका. गाण्याचे शब्द छापलेले, खाली वचनांचे संदर्भ. आम्ही अल्बम ऐकता ऐकता शेजारी शास्त्र उघडून बसायचो. आवाज खरखरीत ठेवायची मुभा त्या कागदाने दिली होती. आता स्ट्रीमिंगवर कागद गेला. एखादा खरखरीत अनब्लॅक अल्बम यादीत लागला तर नवख्या श्रोत्याला तो कुठल्या बाजूचा हे शेवटपर्यंत कळत नाही. मला वाटतं आजच्या बँडने कच्चा आवाज निवडताना हा विचार करायला हवा, तो १९९४ मध्ये करायची गरज नव्हती.

---

शुभ्रकृष्ण

ताई, दंडवत. पुस्तिकेचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता.

त्यात भर घालतो. होर्डने हे ओळखलं होतं असं वाटतं, कारण त्याच्या गाण्यांची नावंच लांबलचक आणि बटबटीत आहेत. उलट्या क्रॉसला उलटा करा, बळी द्यायला आणलेल्या कुमारिकेला सोडवून वस्त्रं द्या, अशा थाटाची. ब्लॅक मेटलच्या नेहमीच्या नावांची टोपी उलटी घातलेली. एक शब्द नीट ऐकू न येता नुसती मागची यादी वाचूनही पूर्ण बाजू कळते. शब्दांचं काम नावांवर टाकून आवाजाला रान मोकळं सोडलंय.

---

नास्तिकनाना

आलो. स्तोत्रप्रियाताई, तुमचा मुद्दा मान्य, पण त्यातून उलटा निष्कर्षही निघतो. संगीत तेच, रंग तोच, लोगो तोच आणि फरक फक्त न ऐकू येणाऱ्या शब्दांत, तर मग ते संगीत सैतानाचं नव्हतंच मुळी, हे होर्डने सिद्ध केलं. ट्रेमोलो आणि ब्लास्टबीटला (ड्रमच्या अतिवेगवान माऱ्याला) धर्म नसतो. धमक्या देणाऱ्यांना झोंबलं ते हेच असणार.

आणि खरखरीचं म्हणाल तर ब्लॅक मेटलमध्येही ती ठरवून केलेली होती. नॉर्वेच्या डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' त्यांचा ड्रमर फेनरिझच्या घरच्या फोर-ट्रॅकवर झाला, आणि त्याआधी हेच लोक 'सोलसाइड जर्नी' स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत निर्माता स्कोग्सबर्गच्या हाताखाली करून आले होते. बर्झुमच्या 'फिलोसोफेम'मध्ये गायनासाठी हेडसेटचा माइक वापरला, कारण सर्वात वाईट माइक कुठला ते विचारून तो घेतला. म्हणजे वाईट आवाजालाही निवड लागते. शेरलॉकने मेलबर्नमध्ये तोच मार्ग धरला, त्याचं श्रेय द्यायला माझी काही हरकत नाही.

माझी हरकत त्याच्यानंतरच्या रांगेला आहे. घरी बसून एकट्याने काढलेले अनब्लॅक प्रकल्प, ढिगाने. ड्रम संगणकाचे, गिटार थेट इंटरफेसमध्ये घातलेली, अँप सॉफ्टवेअरमधला, आणि मग वरून 'टेप'चं प्लगइन लावून केलेली खरखर. आधी स्वच्छ करायचं आणि मग घाण करायचं. नवी जीन्स ब्लेडने फाडून घालण्यातला प्रकार.

---

टेपवेडा

हसून हसून पुरेवाट. पण नाना, त्यातलं तांत्रिक कारणही सांगा. टेप जास्त आवाजाने भरली की तिची टोकं हळूहळू गोल होतात, म्हणून ती विकृती कानाला सोसते. डिजिटलमध्ये मर्यादा ओलांडली की लाट वरून सपाट कापली जाते. त्या घरगुती प्रकल्पांमध्ये बऱ्याचदा टेपचं प्लगइन नावाला असतं आणि खरी खरखर इंटरफेस लाल दिव्यात गेल्याची असते. दहा मिनिटांत डोकं दुखतं ते त्यामुळे.

---

काजळरेघ

मी वाचनमात्र असते, पण एकट्याने केलेल्या प्रकल्पांना सरसकट झोडपू नका. स्लेक्टफाल्क या डच अनब्लॅक बँडचा २००० सालचा 'फाल्कनरी' संस्थापक शमगारने एकहातीच केला होता. त्यातला ओबडधोबडपणा मला अजून आवडतो. पुढे पूर्ण बँड झाला, आवाज भरत गेला, २०१६ च्या अल्बमपर्यंत तर अगदी भव्य. मला दोन्ही हवेत. 'फाल्कनरी' आताच्या आवाजात परत रेकॉर्ड केला तर मी विकत घेणार नाही.

---

निबर

अँटेस्टरचा प्रश्न कुणीच धरला नाही, म्हणून मी धरतो.

'द रिटर्न ऑफ द ब्लॅक डेथ' १९९८ मध्ये आला तो कॅकोफोनसकडून, म्हणजे ज्या इंग्लिश कंपनीने क्रेडल ऑफ फिल्थचा पहिला अल्बम काढला तिच्याकडून. ख्रिस्ती दुकानांच्या बाहेरची कंपनी. त्यातला आवाज कच्चा आहे, पण त्या कच्चेपणात थंडी आहे, रडणं आहे. हे लोक स्वतःच्या संगीताला 'सॉरो मेटल' म्हणायचे आणि तो अल्बम ऐकताना ते नाव पटतं.

मग २००५ चा 'द फॉर्सेकन'. ड्रमवर पाहुणा कोण, तर मेहेमचा ड्रमर हेलहॅमर! दोन्हीकडचे लोक भडकले. ब्लॅक मेटलवाले म्हणाले ख्रिश्चनांसाठी वाजवतोस, चर्चवाले म्हणाले मेहेमवाल्याला बोलावता. मला त्या भांडणात रस नाही. माझी तक्रार आवाजाची आहे. ड्रम इतके स्वच्छ आणि इतके अचूक की कान तिकडेच जातो. हात थक्क करतात आणि दुःख बाजूला राहतं. मागच्या अल्बममध्ये कुणाचे हात हा विचारच डोक्यात येत नव्हता.

---

मोजूनमापून

असहमत. 'फॉर्सेकन'मध्ये संथ जागा आल्या की कीबोर्ड आणि गिटारमधली हवा ऐका. १९९८ च्या आवाजात त्या जागा चिकटल्या असत्या. दुःखाला खरखरच लागते हा ब्लॅक मेटलने करून दिलेला समज आहे. शुभ्रकृष्णरावांनी वर पॅरामेशियमचं नाव घेतलंय, त्याच्याइतकं दुःखी रेकॉर्ड या जगात फार नसेल आणि त्यात प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं.

---

निबर

पॅरामेशियम डूम आहे, त्याला वेळच वेळ आहे. तुम्हीच वर ६८ मिलिसेकंदांचा हिशोब मांडलात. त्या वेगात स्वच्छता आली की ऐकणारा मोजायला लागतो, रडत नाही.

---

मोजूनमापून

तुम्ही मोजत असाल. ;)

---

स्तोत्रप्रिया

निबर, मला 'फॉर्सेकन' आवडतो, पण तुमचं म्हणणं समजतं. ८८ वं स्तोत्र अंधारात संपतं, शेवटी सुटका नाही, आभार नाहीत. त्याला मी कुठला आवाज देईन असा विचार केला तर १९९८ चाच देईन. १५० व्याला मात्र, जिथे झणझणणाऱ्या झांजांनी स्तुती करा म्हटलंय, झांजा ऐकू आल्याच पाहिजेत बाई!

---

नास्तिकनाना

पाखंडी असून सांगतो, ताईंनी दोन ओळींत धाग्याचं उत्तर दिलं. शुभ्रकृष्णराव तेच बोलले होते, पण त्यांना पाच परिच्छेद लागले.

---

अबोलीचावेल

नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमस्व. डेथ मेटल ऐकते, ब्लॅक फारसं नाही. सुरुवात कुठून करू? आणि अल्बम नव्या रीमास्टरमध्ये ऐकावेत की जुन्या आवृत्तीत?

---

शुभ्रकृष्ण

स्वागत! डेथ मेटलकडून येताय तर 'स्क्रोल्स ऑफ द मेगिलॉथ'पासून करा, मग 'अनडिसीव्ड', मग क्रिम्सन मूनलाइटचा 'व्हेल ऑफ रिमेम्ब्रन्स' (२००५). हा शेवटचा मधला पूल आहे: ब्लॅक आहे, पण दणका डेथचा. कान तयार झाले की 'रिटर्न ऑफ द ब्लॅक डेथ' आणि सर्वात शेवटी होर्ड. उलट क्रमाने गेलात तर होर्डवरूनच परत याल.

रीमास्टरचं मोजूनमापून सांगतील.

---

मोजूनमापून

दोन्ही ऐका, पण आवाज समान पातळीवर आणून. नाहीतर जी आवृत्ती मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते, कान असाच फसतो. बऱ्याच रीमास्टरमध्ये मिक्सला कुणी हात लावलेला नसतो, तो लावता येतही नाही. फक्त सगळं वर ढकलून दाबलेलं असतं. त्यात सर्वात आधी मरतो तो स्नेअर, कारण अचानक उसळणारा आवाज तोच. मजा म्हणजे इतकं दाबून फायदाही नाही: स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) सगळ्यांना आणून बसवतं, त्यामुळे दाबलेली आवृत्ती तिथे खाली ओढली जाते आणि नुसतीच चपटी उरते. खरखरीत रेकॉर्डला हे सर्वात वाईट, कारण हिस्सही बरोबर वर येतो.

---

टेपवेडा

+१. यावर वेगळा धागा हवा. मी काढतो.

एक राहिलं. शुभ्रकृष्णरावांच्या वेषांतराच्या सिद्धांताची परीक्षा घेता येते. २००६ मध्ये होर्ड ओस्लोच्या नॉर्डिक फेस्टला मंचावर आलं. शेरलॉक ड्रमवर, साथीला ड्रॉट्नार या नॉर्वेजियन बँडचे वादक. तोवर 'अनॉनिमस' कोण हे जगजाहीर होतं आणि पुढच्या वर्षी त्याचा लाइव्ह अल्बमही निघाला. म्हणजे गाणी तीच आणि वेषांतराची गरज शून्य. लपायचं नसताना ही गाणी कशी वाजतात ते त्यात ऐकायला मिळतं.

---

शुभ्रकृष्ण

वा, हे खरंच चांगलं सुचवलंत. काल रात्री दोन्ही लागोपाठ ऐकले.

लाइव्हमध्ये खालचा भाग आहे, ड्रम अंगावर येतात, आणि कुठल्याही क्षणी 'हा मॉर्टिफिकेशनवाला' हे ओळखू येतं. फिल्समध्ये (दोन भागांना जोडणाऱ्या ड्रमच्या तुकड्यांत) तर लगेच. एवढ्यापुरता सिद्धांत टिकला म्हणायला हरकत नाही. पण गाणी? रिफ स्पष्ट झाल्यावर कळतं की काही रिफ फारच साधे आहेत. स्टुडिओत ती खरखर त्यांना झाकत होती आणि मोठंही करत होती. तीन-चार गाणी मात्र भरीव आवाजात उलट वाढली, विशेषतः जिथे ताल उतरतो तिथे.

---

निबर

म्हणजे अल्बमभर एकच आवाज ठेवायची गरज नव्हती.

---

शुभ्रकृष्ण

संथ गाण्यांना नव्हती. वेगवान गाण्यांना आहे यावर मी ठाम आहे. मोजूनमापून, तुम्ही लाइव्ह ऐकून किकबद्दल सांगा, ट्रिगर आहे की नाही यावर इथे आमच्या दोघा-तिघांत आधीच पैज लागलीय.